कंपनीच्या पत्रातला एक शब्द

धाकट्या दिराचं इंग्रजी शाळेपुरतंच, पण घरात तेवढंच होतं. दादाच्या जहाज कंपनीचं पत्र आलं, तेव्हा वहिनीने ते त्याच्याच हाती दिलं. एका शब्दाशी तो अडखळला, मग म्हणाला, “दादा आजारी आहे.”

“मग आपण जाऊ या,” म्हणत वहिनी कामाला लागली. दोन दिवस तिने स्वेटर विणायचा सपाटा लावला. “ताप आला की त्यांना थंडी सोसत नाही, भावोजी.”

आजारपणासाठी तिकिटं लवकर मिळतात, म्हणून त्याने स्टेशनातल्या तिकीट खिडकीवर पत्र दाखवलं. आतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं.

“हे ‘डिझीज्ड’ नाही, ‘डिसीज्ड’ आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिलं म्हणजे आजारी. हे म्हणजे... माणूस गेला.”

तिकिटं न काढताच तो परतला. घरी वहिनी दुसरी बाही विणत होती.

“वहिनी, मी चुकीचं वाचलं. दादा आपल्यात नाही.”

सुया थांबल्या. ती म्हणाली, “आणि मी दोन दिवस त्यांच्यावर चिडले होते. तब्येतीची हेळसांड केली म्हणून.” मग लोकरीत तोंड खुपसून ती रडली. त्याला तिच्याजवळ जायचा धीर होईना.