कॉलरीतला नंबर

"आजी, फी भरली म्हणालीस ना?"

मुंगी लाँड्रीच्या दारात उभी होती. खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. माझ्या हातातली इस्त्री शर्टाच्या बाहीवर होती, ती तिथेच राहिली आणि बाहीला पिवळा डाग पडला. तीस वर्षांत माझ्या हातून कधी कपडा करपला नव्हता.

"विद्यापीठाच्या फाटकात कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. माझं नाव काढलंय. फी आलीच नाही म्हणतात. परवा परीक्षा आहे, आजी!"

मुंगी म्हणजे माझ्या लेकाची लेक. रांगत होती तेव्हापासून दिसेल ते उचलून न्यायची, म्हणून मुंगी. आमच्या घरातून विद्यापीठात गेलेली ती पहिली. मी दुसरीतून उठले ती थेट धुण्याला लागले. अक्षरांशी माझं फारसं जमत नाही, पण आकड्यांत मला फसवणारा अजून जन्मायचाय. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत मी लाल दोऱ्याने गिऱ्हाइकाचा नंबर शिवते. शाई धुऊन जाते, दोरा जात नाही. मुंगीला विद्यापीठाचा नंबर मिळाला, तो तिच्या कोटाच्या कॉलरीत मीच शिवला. पहिल्या दोन्ही वेळा फी भरायला आम्ही दोघी गेलो. खिडकीतल्या बाबूने नंबर विचारला की मुंगी मान वाकडी करून कॉलर उलटायची आणि मी मोठ्याने आकडे सांगायची. पावतीवर भरणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव यायचं. ते मात्र मला वाचता येतं.

मग माझ्या विहीणबाई, सुनेची आई, आमच्याकडे राहायला आल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. गळ्यात साखळीचा चष्मा, चालणं असं की वर्ग उभा राहील. मुंगी त्यांना माई म्हणते. संध्याकाळी दोघी कॉम्प्युटरपुढे डोक्याला डोकं लावून बसायच्या आणि खिदळायच्या. माझ्याशी बोलताना मुंगी हळू बोलायची, सोपं करून, बहिऱ्याशी बोलावं तसं. माईशी भराभर. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोरीचं हगणंमुतणं मी काढलं, आणि या आयत्या येऊन बसल्या!

म्हणून एकदा जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "फी मी भरणार. कोणी मध्ये पडायचं नाही."

"अहो, पण आता तिथली पद्धत बदललीये असं ऐकते," विहीणबाई म्हणाल्या.

"माझी नाही बदलली," मी म्हटलं.

पुढे पोस्टमन दुकानात पाकीट देऊन गेला. वर विद्यापीठाचा शिक्का. ते वर घरात गेलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसतच होतं. साखळीचा चष्मा नाकावर चढला असता आणि मुंगी शेजारी जाऊन बसली असती. मी पाकीट इस्त्रीच्या टेबलावरच्या घोंगडीखाली सारलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एकटीच खिडकीवर गेले. खिडकीला फळी ठोकलेली.

"रोख घेणं बंद झालं, आजी," पहारेकरी म्हणाला. "आता कॉम्प्युटरवरून भरायची. घरात शिकलेलं कोणी असेल त्यांना सांगा."

घरात शिकलेलं कोण आहे, ते त्याने मला सांगायची गरज नव्हती. मी पैसे तसेच परत आणले. मुंगीने विचारलं, "भरलीस?" मी म्हटलं, "भरली म्हणजे भरली." आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले.

आता मी घोंगडी उचलली. पाकीट इस्त्रीच्या धगीने तपकिरी झालं होतं. मुंगी बघतच राहिली. आवाज ऐकून विहीणबाई खाली आल्या, त्यांनी पाकीट घेतलं. कागद घडीवर मोडत होता. मला वाटलं, आता बाई मला सोलणार. पण त्या नुसतं वाचत गेल्या, वर्गात वाचावं तसं. "फी कोणीही भरो, ती वेळेत पोचली की नाही हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील."

"हे काय नवीन?" मी उसळले. "मी भरणार म्हटलं होतं ना? मग नाव माझं काढा!"

"तिथे सही माझी आहे, आजी," मुंगी म्हणाली. "प्रवेश घेताना केली होती. न वाचता. मोबाइलवर चार निरोप आले, तू भरली म्हणालीस म्हणून मी उघडलेसुद्धा नाहीत." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी जवळ घेतली असती.

मुदत चुकलेल्यांचे पैसे कचेरीत रोख घेत होते; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दंडासकट भरलं तर परीक्षेला बसू देणार होते. आम्ही तिघी गेलो. मी पदराखाली पिशवी धरलेली, विहीणबाईंनी त्यांची पर्स. कचेरीच्या दाराशी दोघींनी एकदमच म्हटलं, "मी भरते."

"दोघी इथे बाकावर बसा," मुंगी म्हणाली. "निम्मे तू दे, निम्मे माई देईल. दंड मी शिकवण्या घेते त्या पैशांतून. आणि आत मी एकटी जाणार."

दोघींकडून घेतलं आणि गेली. म्हणजे पावतीवर आता तिचंच नाव येणार. माझं नाही. पण विहीणबाईंचंही नाही! तेवढ्यावर मला क्षणभर थंडावा वाटला, खोटं कशाला सांगू?

आम्ही दोघी बाकावर टेकलो. मग विहीणबाई समोर बघतच म्हणाल्या, "आल्यापासून तिच्या मागे लागलेय, तो नंबर पाठ कर म्हणून. काय म्हणते माहितीये? कशाला, माझ्या आजीने शिवलाय."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. बाईंचा चेहरा मला ओळखीचा वाटला. महिनोन् महिने मी तोच घेऊन फिरत होते.

"काही बोलली नाही कधी मला," मी म्हटलं.

"मीही नव्हते सांगणार," विहीणबाई म्हणाल्या.

उघड्या दारातून मुंगीची पाठ दिसत होती. तोच कोट. टेबलामागच्या बाईने नंबर विचारला. बाकावर मी पुढे सरकले. विहीणबाईही सरकल्या.

मुंगीने मान वाकडी केली नाही. हात कॉलरीकडे गेलाच नाही. नऊच्या नऊ आकडे तिने न थांबता घडाघडा सांगितले आणि सहीसाठी पेन मागितलं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कायमचं जाणार असलं की शेवटचे कपडे देताना आम्ही त्याचा नंबर उसवतो. छोटी कात्री माझ्या पिशवीत नेहमी असते. मी ती नुसती चाचपून पाहिली. विहीणबाईंनी पर्स मिटली, चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.