गोळी जाते कुठे?

"आ कर."

भार्गवीने तोंड उघडलं. सुमंतभावजींनी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. "जीभ वर," म्हणाले. जिभेखाली पाहिलं, दोन्ही गालांत पाहिलं आणि मग "सरी, ठीक आहे" म्हणून टॉर्च बंद केला. मी कॉफीच्या डिकॉक्शनचं भांडं हातात धरून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. मांजराला औषध पाजतानासुद्धा माणूस याहून जास्त संकोचतो हो!

"भावजी, हे काय चाललंय?"

"वहिनी, तुम्ही यात पडू नका. बी-ट्वेल्व्हची गोळी आहे. ही गिळते का, तेवढं बघतो."

"गिळते हो अक्का," भार्गवी मला म्हणाली. "रोज गिळते. देवाशप्पथ."

भावजी माझे धाकटे दीर, भार्गवी धाकटी जाऊ. बंगळुरात बसवनगुडीतल्या घरात आम्ही वर राहतो, ते खाली. चुली वेगळ्या, सकाळची कॉफी तेवढी एकत्र. भावजी बँकेतून रिटायर झालेले, सरळमार्गी. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय नाही. आपणच ओरडतो आणि आपणच वाईट दिसतो.

भार्गवी म्हणाल तर चार बायकांत बसली की कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ती कुच्चु करते. साडीच्या पदराला रेशमी धाग्यांचे गोंडे बांधतात ना, त्याला इथे कुच्चु म्हणतात. गांधी बझारातल्या साड्यांच्या दुकानाची मालकीण धनलक्ष्मी लग्नाच्या साड्या दुसऱ्या कुणाकडे द्यायचीच नाही. मांडीवर पदर घेऊन भार्गवी बसली की बोटं आपली आपण चालायची. टीव्ही बघायची, माझ्याशी गप्पा मारायची, हाताकडे तिचं लक्षही नसायचं. घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

कार्तिक, त्यांचा मुलगा, एचएसआर लेआउटला राहतो. त्याने मागच्या थंडीत घरी माणूस बोलावून आईवडिलांचं रक्त तपासून घेतलं. दोघांचंही बी-ट्वेल्व्ह कमी. आपण वरणभात खाणारी माणसं, निम्म्या गल्लीचं कमी असेल! डॉक्टरकडे कोण जातो एवढ्यासाठी? कार्तिकने गोळ्या मागवल्या, दोघांनी सुरू केल्या. पुन्हा रक्त तपासलं तर भावजींचं छान वर आलेलं आणि भार्गवीचं होतं त्याहून खाली.

"एकाच पाकिटातल्या गोळ्या, वहिनी," भावजी म्हणाले. "माझं वाढलं, हिचं घटलं. मग हिची गोळी जाते कुठे?"

उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कार्तिकच्या वेळेला भार्गवीला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी तिला मळमळायचं, म्हणून ती त्या गुपचूप कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायची. सासूबाईंनी माती उकरली तेव्हा सगळं बाहेर आलं. तेव्हापासून कुठलंही लग्न असो, बारसं असो, कढीपत्त्याचं हिमोग्लोबिन निघायचंच. भार्गवीही हसायची. आता त्याच हसण्याचा पुरावा झाला.

कार्तिक मला म्हणाला, "दोड्डम्मा, तू तरी समजाव ना तिला. आता मी च्युएबल आणल्यात, जिभेवर विरघळतात. अ‍ॅब्सॉर्प्शन कितीतरी बेटर. पण बेसिक म्हणजे तिने घ्यायला तरी हवं!"

"ती घेते म्हणते रे."

"आई तेव्हाही तेच म्हणत होती."

मोठी काकू म्हणून मला दोड्डम्मा म्हणतो, पण ऐकतो थोडाच!

मग टॉर्च आला. महागाच्या गोळ्या आल्या, त्यांच्यानंतर आणखी महागाच्या. भार्गवी बिचारी रोज आ करायची. मला अस्सा राग यायचा! एकदा मी तिला म्हटलं, "तू तोंड उघडतेस कशाला? नाही म्हण की." ती म्हणाली, "नाही म्हटलं तर खरंच वाटेल त्यांना."

उन्हाळ्यात ती बुल टेंपल रोडवरून भाजी घेऊन आली. मी गेटपाशीच होते. तिच्या एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. रस्ता तापलेला, भर दुपारची वेळ.

"अगं, चप्पल कुठाय?"

तिने खाली पाहिलं. पाहिलं आणि पांढरी पडली. तिला माहीतच नव्हतं. मी परत चालत गेले तर चप्पल पार त्या कोपऱ्यावर, नारळवाल्यापाशी पडलेली. तळपाय लाल झाला होता तिचा. मी पाणी ओतलं, तर गार आहे की कोमट, तेही तिला सांगता येईना.

मी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "तेच तर वहिनी! गोळ्या घेतल्या असत्या तर असं झालं असतं का?" काय बोलणार कपाळ!

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती आता हाताकडे बघून गाठी मारायची. टीव्ही बंद, बोलणं बंद, नाक पदराला लागेल इतकी वाकलेली. "धागा कळत नाही हो बोटाला," म्हणायची. मोज्यातून धरल्यासारखं वाटतं म्हणे. धनलक्ष्मीने एक मोतिया रंगाची साडी परत पाठवली. गाठी सैल, गोंडे खालीवर. बरोबर निरोप होता, भार्गवी अक्कांना म्हणावं स्वल्प दिवस विश्रांती घ्या. भार्गवीने ती साडी उसवली आणि पुन्हा बांधली, पुन्हा उसवली. रेशीम पिंजारून गेलं. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, मी गिळते ना हो?"

"म्हणजे?"

"मला वाटतं गिळते म्हणून. पण हे दोघं इतकं म्हणतात. मीच कुठेतरी टाकत असेन आणि माझ्या ध्यानात राहत नसेल, असं होतं का?"

अंगावर काटा आला माझ्या. चपलेच्या वेळी आला नव्हता एवढा. बाईला पाय कळेना, बोटं कळेनात, आणि आता स्वतःचा शब्दही खरा वाटेना. मी म्हटलं, "गप बस. तू गिळतेस. मी सांगते ना." पण मी सांगून काय होणार होतं?

दोन दिवसांनी ती बेसिनपाशी पडली. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ मागे कोसळली. चक्कर नाही, घसरणं नाही. "डोळे मिटले की पाय कुठेत ते कळत नाही," म्हणाली. डोक्याला टेंगूळ घेऊन बसली होती आणि भावजी आत गोळ्यांचा डबा शोधत होते. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि दोघांना घालून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर मनस्विनी वयाने कार्तिकएवढी. बोलायला गोड, पण हाताला घाई नाही. तिने भार्गवीला डोळे मिटायला सांगितले, तिच्या पायाचा अंगठा धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, "वर आहे की खाली?"

"खाली," भार्गवी म्हणाली.

अंगठा वर होता. मी बघत होते, भावजी बघत होते. डॉक्टरने पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. शाळेतल्या मुलीसारखी भार्गवी विचार करकरून उत्तरं देत होती, आणि तिचा स्वतःचाच अंगठा तिला सापडत नव्हता.

भावजी घसा खाकरून म्हणाले, "गोळ्या दिल्यात डॉक्टर. पण ही घेत नाही."

"घेते," भार्गवी डोळे मिटूनच म्हणाली.

डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "तोंड उघडा," म्हणाली. भार्गवी सवयीने एकदम भावजींकडे वळली आणि तिने आ केला. डॉक्टर उठून त्या बाजूला गेली, वाकली आणि बघतच राहिली.

"जीभ अशी कधीपासून आहे?"

मीही पाहिलं. लालभडक, गुळगुळीत, तासलेल्या बिटासारखी. जिभेवर जिभेचं काही उरलंच नव्हतं.

"कुणाच्या लक्षात नाही आलं? तुम्ही घरात असता ना?" तिने भावजींना विचारलं.

रोज सकाळी टॉर्च लावून बघणारा माणूस. त्यांना गोळी शोधायची होती, त्यांनी गोळीच शोधली. त्यांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं होतं, या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरला शंका होती तेच निघालं. आपल्या पोटात एक पदार्थ तयार होतो, तो या व्हिटॅमिनला धरून पुढे नेतो, मग ते आतड्यातून रक्तात जातं. भार्गवीच्या पोटात तो पदार्थच होत नव्हता. तिने प्रत्येक गोळी गिळली होती आणि जवळपास प्रत्येक गोळी तिच्या अंगातून तशीच निघून गेली होती.

"ऐकलंत?" भार्गवी म्हणाली. "मी गिळत होते." घरी येऊन कार्तिकला फोनवर सांगितलं, दुपारी फुलवालीला सांगितलं, धुण्याच्या बाईला सांगितलं. रोग सापडला म्हणून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

हाताचं काय, ते मी डॉक्टरला एकटीने विचारलं. ती म्हणाली, इंजेक्शनांनी ताकद येईल, रंग येईल. नसांचं सांगता येत नाही, तुम्ही फार थांबलात. ताकद आली. चालताना ती भिंत धरेनाशी झाली. बोटं मात्र तशीच राहिली. धनलक्ष्मीच्या दुकानातून लग्नाची साडी आली तेव्हा भार्गवीने ती घडी न मोडता परत दिली. "दुसऱ्या कुणाला तरी द्या," म्हणाली, "चांगली साडी आहे."

परवा आम्ही तिघं इंजेक्शन घेऊन रिक्षाने परत येत होतो. कडेला भार्गवी, मध्ये भावजी, इकडे मी. सिग्नलला रिक्षा थांबली. भार्गवी बाहेर बघत होती, एका दुकानातल्या काचेतली जांभळी साडी तिला आवडली होती. तिचा हात तिच्या मांडीवर होता. भावजींनी सावकाश आपला हात पुढे केला आणि तिची बोटं धरली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी बायकोच्या जवळ न बसलेला माणूस. घट्ट धरली होती, त्यांची नखं पांढरी पडली होती.

"अक्का, काठ बघा की त्याचा," भार्गवी बाहेर बघत म्हणाली. "केवढा रुंद आहे!"

तिला कळलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, अगं इकडे बघ, म्हणणार होते. भावजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको. डोळे भरून आले होते त्यांचे. सिग्नल सुटला, रिक्षा हलली, आणि भार्गवी मागे वळून ती साडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.