अर्धवट कापलेला जांभा

मित्रांनो, समुद्राकाठच्या एका सपाट माळावर पडून असलेला मी एक जुना जांभा दगड आहे. माझ्या एका कडेला टिकावाचे घाव आहेत. बाकी अंग अजून जमिनीलाच चिकटलेलं आहे.

जन्माने मी काळा कातळ. माझ्यावर पाऊस पडायचा, ऊन तापायचं. युगानुयुगं हेच. पाण्याने माझ्यातलं विरघळणारं सारं हळूहळू वाहून नेलं. लोखंड तेवढं मागे राहिलं आणि हवा लागून गंजलं. मी तांबडा झालो, अंगभर भोकं पडली, आणि हे सगळं जणू झोपेतच झालं. खाली समुद्र कडा पोखरत होता. माझे कितीतरी भाऊबंद कोसळले, त्यांची लाल माती खाडीत पसरली. आमचा माळ मात्र टोपीसारखा वर टिकून राहिला.

मग एक पाथरवट आला. उतारावर त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं, घरामागे झरा. जमिनीतला जांभा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. पाथरवटाने माझ्या शेजाऱ्यांचे चिरे काढून सुरेख घरं बांधली. लोक वाखाणायचे आणि आम्ही फुशारून जायचो.

पण खाण वाढत गेली तसा झरा बारीक होत आटला. बहीण रिकामी कळशी घेऊन वर आली, तेव्हा तो मलाच कापत होता.

"पाऊस कमी झाला असेल, ताई."

"पाऊस तेवढाच आहे रे. तो मुरायचा या दगडांत, आणि दगड तू विकून मोकळा झालास."

"मग काय, हातावर हात धरून बसू?"

"बसू नकोस. पण माझं घर तूच बांधलंस. आता तहानेपायी ते सोडायला लावू नकोस."

ती गेल्यावर त्याने टिकाव खाली ठेवला. मग प्यायचं उरलेलं पाणी त्याने माझ्यावर ओतलं. मी ते गटकन पिऊन टाकलं. तो बघतच राहिला.

खाण त्याने तिथेच थांबवली. कडेला बांध घालून खड्ड्यात पाणी अडवलं. आता तो जुन्या भिंती दुरुस्त करतो, कमाई बेताचीच. काही पावसाळ्यांनी झरा पुन्हा पाझरू लागला. पूर्वीसारखा खळखळत नाही, पण ताईचं घर नांदतं आहे.

मित्रांनो, मला घडायला युगं लागली, कापायला एक सकाळ पुरली असती. घरांसाठी चिरे लागणारच, ते जरूर न्या. पण थोडा माळ निजू द्या. तो निजतो, तेव्हाच तुमच्यासाठी पाणी राखत असतो.