दगडाचा शिक्का

“हा डाग जाईल, पण तो विसरू नका. दाढेसाठी दिलेली ही गोळी आईंना सोसत नाही. गोळीतल्या औषधाचं नाव लिहून ठेवा आणि ते पुन्हा पोटात जाऊ देऊ नका,” असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तेव्हा लेकीच्या मांडीवर महिन्याभराचं बाळ होतं. डोळ्यांवर झोप होती आणि आईच्या दाढेपेक्षा बाळाच्या ढेकराची चिंता मोठी होती. “हो हो,” म्हणाली ती, आणि तो कागद कुठं गेला ते त्या कागदालाच ठाऊक.

तीन वर्षांनी तो डाग परत आला. या खेपेला तो बघायला गर्दी जमली.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाची मागची खोली. खुर्च्या दुकानातल्याच, न खपलेल्या. काहींच्या पाठीला किमतीच्या चिठ्ठ्या अजून लोंबत होत्या. पुढं टेबलावर जांभळ्या मखमलीचा तुकडा, त्यावर वीतभर लांबीचा, काळसर, अंड्यासारखा गुळगुळीत दगड. आणि दगडामागे दगडीमामा.

मामा पूर्वी गाडीतून दुकानोदुकानी पाव पोचवायचा. एकदा गाडी उलटली, पाठ धरली, रस्त्याकडेला आडवा झाला तेव्हा उशाला नेमका हा दगड आला आणि पाठ सुटली, अशी त्याची कथा. ती कथा लेकीनं आता चौथ्यांदा ऐकली. दर वेळी गाडी थोडी जास्त उलटत होती.

“औषध कुठं जातं?” मामा विचारायचा.

“पोटात!” खोली ओरडायची.

“आणि दगड?”

“हाडात!”

“हाड म्हणजे काय हो? आपल्या अंगातला दगडच की! दगडाची भाषा दगडालाच कळते. डॉक्टरला कशी कळणार?”

मग पुड्या वाटल्या जायच्या. पांढरी भुकटी, कडूजहर. मामा म्हणायचा, दगड खरवडून काढलेली. पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायची आणि मामाचं बोलणं ऐकत बसायचं. मामाचं बोलणं तासभर तरी चालायचंच. तोवर कुणाची मान वळू लागायची, कुणाचा खांदा उचलायचा. बसचा एक चालक उभा राहून दोन्ही हात वर करून दाखवायचा आणि टाळ्या पडायच्या.

“आणि आता,” मामा आवाज खाली आणायचा, “शिक्केवाल्या आई, पुढं या.”

लेकीची आई पुढं जायची.

तीस वर्षं तिनं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले होते. लोक पडद्यांचं कौतुक करायचे, कापडाचं करायचे, खिडकीचंसुद्धा करायचे. शिवणारीला कुणी नाव विचारलं नव्हतं. हल्ली बोटांचे सांधे सुजायचे, कात्री धरवत नसे. इस्त्रीच्या दुकानातल्या काकूंनी तिला इथं आणलं. पहिल्या पुडीत बोटं मोकळी झाली, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या हाताच्या पाठीवर एक डाग उठला. नाण्याएवढा, गोल, जांभळट लाल, कडा अगदी कंपासनं आखल्यासारख्या. चार दिवसांनी तो विझला, तपकिरी खूण मागे राहिली. पुढची पुडी घेतली की त्याच जागी पुन्हा पेटायचा. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

“हा शिक्का आहे,” मामानं जाहीर केलं होतं. “दगडानं माणूस निवडलं!”

आता आई हात वर धरून उभी होती आणि बायाबापड्या तो हात कपाळाला लावून घेत होत्या. लेक मागे भिंतीला टेकून होती, कडेवर सर्दीनं फुरफुरणारी पोर. घरात तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणत. हे सरकार रात्रभर जागं होतं, आणि आता एकटक त्या हाताकडे बघत होतं. हा डाग तिनं आधी पाहिला होता.

“आई, हा दाढेच्या वेळचाच डाग आहे,” घरी जाताना ती म्हणाली.

“तो वेगळा.”

“जागा तीच, आकार तोच.”

“तुला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही का गं? बोटं बघ माझी. बघ, वळतात!” आईनं भर रस्त्यात मूठ वळून दाखवली. “डॉक्टरच्या गोळ्यांनी पित्त व्हायचं. हे नुसतं दगडाचं पीठ.”

“नुसतं दगडाचं पीठ कडू कसं?”

“दुखणं कडूच असतं,” आई म्हणाली. हेही मामाचंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी लेक डॉक्टरबाईंकडे गेली. बाई जेवणाचा डबा उघडा ठेवून रुग्ण तपासत होत्या. डब्यातलं अन्न निवून गेलं होतं. मोबाइलवरचा हाताचा फोटो पाहून त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“मी नको म्हटलं होतं.”

“गोळी नाही घेतली, बाई. दगडाची पुडी घेतलीय.”

“दगडानं असा डाग उठत नाही. काही जणांच्या कातडीला एखादं औषध चालत नाही, आणि ती कातडी ते विसरत नाही. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की जुन्याच जागी डाग उठतो. तुमच्या आईंच्या दाढेला मी दिली होती ती साधी दुखण्यावरची गोळी. चिठ्ठीशिवाय कुठल्याही दुकानात मिळते. चांगली गोळी आहे, लाखो लोक घेतात. यांना चालत नाही एवढंच. त्या पुडीत तीच असणार, किंवा तिची सख्खी बहीण.”

“म्हणजे बोटं मोकळी होतात ती...”

“दुखण्याच्या गोळीनं दुखणं थांबतं. यात चमत्कार कुठला?” बाई दमून हसल्या. “किती गोळ्या कुटल्यात ते त्यालाही ठाऊक नसेल, ही खरी भीती. आणि आईंना सांगा, दर खेपेला डाग वाढू शकतात. फोड येतील, ओठांवर, तोंडात. क्वचित पुष्कळ कातडी सुटते, मग जिवावरचं होतं. एखादी पुडी आणता आली तर बघा, तपासायला पाठवू.”

आईच्या पिशवीतली एक पुडी लेकीनं हळूच काढून बाईंना दिली. चोरीच ती, पण सरकारं याहून मोठ्या चोऱ्या करतात असं मनाशी म्हणाली.

अहवालाची वाट बघत बसायला मात्र तिला धीर नव्हता. आईच्या ओठाच्या कोपऱ्यात नवा डाग दिसू लागला होता. आई त्याला ‘दुसरा शिक्का’ म्हणत होती आणि गरम चहा पिताना डोळे मिटून घेत होती.

लेकीनं जुने फोटो चाळले. एक सापडला: आजीच्या हातांत गुंडाळलेलं बाळ, आणि बाळाच्या डोक्याखालच्या हातावर तोच गोल डाग. पुढच्या बैठकीत ती उठून उभी राहिली.

“मामा, हा फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे. तुम्हाला दगड सापडला गेल्या वर्षी. मग हा शिक्का कुणी मारला?”

मोबाइल हातोहात फिरला. मामानं तो फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

“ऐका हो ऐका! दगड मला सापडण्याच्याही आधी दगडानं या माउलीला हेरून ठेवलं होतं!”

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. लेक मटकन खाली बसली. ढगाला काठी मारून काय उपयोग?

पुढच्या आठवड्यात इस्त्रीच्या दुकानातल्या काकू उभ्याउभ्या कोसळल्या. दोन-तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं; लाजेपोटी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटात रक्तस्राव होत होता. दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं, मामाची पुडी सकाळ-संध्याकाळ, कंबरेसाठी दुकानातली गोळी वेगळी, आणि डोकं धरलं की शेजारणीनं दिलेली तिसरी. तीन नावं, तीन रंग, पण पोटावर घाव घालणारं कुळ एकच. काकू वाचल्या. मामाचा निवाडा आला, “श्रद्धा पातळ झाली की पोट फाटतं.”

आई भेटून आली आणि शिवणयंत्रासमोर बसली.

“काकूंची श्रद्धा पातळ?” ती म्हणाली. “मला हाताला धरून तिनंच नेलं गं तिथं.”

लेकीच्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. पोरीला ताप होता. त्या दिवसांत ताप मोजायचा, पोरीच्या वजनाप्रमाणे औषधाचं माप भरायचं, आणि आधीचं कधी दिलं ते आठवायचं, एवढंच तिचं जग होतं.

“दे तिला चिमूटभर...” आईनं सवयीनं पिशवीत हात घातला.

“आई!” लेक एवढ्यानं ओरडली की पोर दचकून रडू लागली. “माझी शपथ आहे तुला. तिला नाही. आणि तूही नको घेऊस. ओठ बघ तुझा. पाणी पितानासुद्धा रडतेस तू, मला दिसत नाही का? पुढच्या वेळी काय सोलून निघेल कोण जाणे. मला तू हवीयेस. शिक्केवाली नको, बिनशिक्क्याची चालेल.”

आईनं हात बाहेर काढला, रिकामा.

बैठकीला मात्र ती गेलीच. लेक मागोमाग. मामानं हाक मारायच्या आत आई उठली आणि हात जोडून म्हणाली, “मामा, एक मागणं आहे. माझ्या लेकीच्या मनात किंतू आलाय. आज एवढ्या सगळ्यांसमोर माझ्यासाठी दगड खरवडा. ती भुकटी मी घेईन. शिक्का उठला की तिचंही तोंड बंद होईल.”

आवाजात कसलीही खोच नव्हती. तिचा खरंच विश्वास होता, आणि मामाची पंचाईत तिथंच झाली. शंकेखोराला तो दोन वाक्यांत लोळवायचा, पण भक्ताला काय सांगणार?

“दगड पहाटेच खरवडायचा असतो, आई.”

“एक दिवस नाही चालणार? तुम्हीच म्हणता ना, दगडाला घड्याळ कळत नाही.”

“खरवडा की मामा!” बसचालक मोठ्या उत्साहानं म्हणाला. मग सगळेच म्हणू लागले. कुणीतरी कानस आणून दिली.

मामा घासू लागला. दगड तसूभर झिजेना. कपाळाला घाम आला तेव्हा कुठं मखमलीवर चिमूटभर कचकच पडली. काळपट राखाडी.

“पांढरी नाही,” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

“डब्यात रात्रभर मुरली की पांढरी होते.”

आईनं ती चिमूट उचलली आणि लेक अडवायच्या आत जिभेवर टाकली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“कडू नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “कचकच लागते. मातीसारखी.”

मग ती मागची खुर्ची ओढून बसली आणि उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. मामा बोलत राहिला, पण ऐकणारे आज त्या हाताकडे बघत होते. बोटं ठणकू लागली. ती घरी आली, दिव्याखाली बसली. हात तसाच. संध्याकाळ सरली. जुनी तपकिरी खूण जिथल्या तिथं, फिकट, थंड.

“नाही उठला,” आई म्हणाली.

लेकीला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला जिंकल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. तिनं आईची बोटं हातात घेतली आणि चोळत बसली.

“लोक नाव विचारायचे गं मला तिथं,” आई म्हणाली.

अहवाल आला: खडूची पूड आणि कुटलेल्या दुखण्याच्या गोळ्या, दोन प्रकारच्या, त्यातली एक आईच्या दाढेची. डॉक्टरबाईंनी तो वर कळवला, चौकशीला माणसं आली, तोवर मामा पसार झाला होता. खोली उघडली तर टेबलावर मखमल होती, आणि मखमलीवर दगड होता. ज्या दगडानं म्हणे हाडं बोलायची, तो मामा मागे ठेवून गेला. गोळ्या दळायचा मिक्सर तेवढा घेऊन गेला.

लोक शहाणे झाले म्हणावं तर तसंही नाही. बसचालक अजून म्हणतो, गुण मिक्सरला असेल. आईच्या बोटांना आता डॉक्टरबाईंनी वेगळं औषध दिलंय, शेकायला सांगितलंय, आणि न चालणाऱ्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत तिच्या पाकिटात आहे. मूठ पहिल्यासारखी झटकन वळत नाही. हळूहळू वळते. खरं औषध असंच असतं, त्याला टाळ्या पडत नाहीत.

दुखण्याची गोळी वाईट नाही, वाचकहो. ती कोणती, किती, कशाबरोबर आणि कुणाच्या पोटात जाते हे माहीत नसणं वाईट. नावं निराळी असली तरी आतलं औषध एकच असू शकतं. वेष्टनावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचावं. डाग उठला, ओठ सुजले, श्वास लागला, शौचाला काळं झालं, तर देवाचा कौल घेत बसू नका, दवाखाना गाठा. आणि जो आपल्या पुडीत काय आहे ते सांगत नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा विचार करून प्यावं.

तुमच्याही घरात, नाहीतर चार गल्ल्या पलीकडे, कुणीतरी दुखरी बोटं घेऊन एकटंच बसलेलं असेल. आज त्यांना एक फोन करा. “बरी आहेस ना?” असं विचारू नका, त्या “बरी आहे” असंच म्हणतील. “दुखण्यावर काय घेतेस?” असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.