रस्त्यापर्यंत सोडायला

आमच्या हांगचौमध्ये पस्तिशी उलटलेल्या प्रोग्रॅमरला कुत्रं विचारत नाही. माझा नवरा चोंगल्यांग अडतीसचा. नोकरी गेल्यापासून मुलाखतीचे प्रश्न मीच त्याला विचारायचे, भाजी निवडता निवडता. प्रश्न त्यानेच पूर्वी कामावरच्या नवख्यांसाठी लिहिलेल्या वहीतले. जावा, पायथन, सी प्लस प्लस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो अडला की बरोबर कळायचं. शेवटी तो अडेनासाच झाला.

काल मुलाखतीहून आला आणि बूटही न काढता बसला.

"कुठला प्रश्न चुकला?"

"एकही नाही. समोर रुआन होता."

रुआनला यानेच हाताला धरून काम शिकवलेलं. अजूनही याला शिफू, म्हणजे गुरुजी म्हणतो.

"मग झालंच की काम! तोंड कशाला पाडलंयस मेल्या?"

"मला बघून उभाच राहिला. दोन्ही हातांनी चहा दिला. प्रश्न माझ्याच वहीतले, तेही सोपे. निघताना पार खाली रस्त्यापर्यंत सोडायला आला."

"गुणाचाच आहे की पोरगा."

"शिफूला कुणी हाताखाली ठेवतं का? घ्यायचं असतं, तर लिफ्टपाशीच थांबला असता गं."