भरल्याशिवाय न निघणारी जीप

मी बोलतोय खरा, पण जीव थाऱ्यावर नाही. मी मोबाइलमधला एक खेळ, जीप चालवायचा. आणि माझ्या जीपमध्ये या घडीला उद्धवराव खोळंबून बसलेत.

कलबुर्गीच्या एका भाड्याच्या खोलीत अमरनाथने मला घडवलं. पोरगा हुशार, पण तोंडाला लगाम नाही. मी अर्धामुर्धा असतानाच त्याने व्हिडिओ टाकला. "कमलनगरचा जीपस्टँड हुबेहूब राहणार! गर्दी चढणार, जागेवरून भांडणार, तुमच्याच बोलीत बोलणार. बघत राहा अण्णा!" मला तेव्हाच धडकी भरली. अंगात दम किती, ते माझं मला ठाऊक होतं.

शेवटी व्हायची ती घाई झाली. रस्ता झाला, जीप झाली, हॉर्न तर झकासच झाला. माणसं तेवढी राहून गेली. अख्ख्या स्टँडवर दोघे उभे, तेही एकाच चेहऱ्याचे.

लोकांनी शिव्या घातल्या, मला काढून टाकलं. ते परवडलं. पण कमलनगरात विजयश्रीने मला वडिलांसाठी घेतलं. उद्धवरावांची उभी हयात त्या स्टँडवर जीप चालवण्यात गेलेली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि माणूस भिंतीकडे तोंड करून निजला. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल. माझा एक्सलेटर पडद्याच्या उजवीकडे. पोरीची सगळी आशा त्याच्यावर.

स्टँड बघून उद्धवराव उठून बसले. डाव्या अंगठ्याने हॉर्न दिला. ते दोघे जुळे चढले. मग काहीच नाही.

"अप्पा, काढा की गाडी. उजव्या अंगठ्यानं दाबा."

"दोन शिटावर? येडी हायस का? भरल्याबिगर जीप निघती व्हय कधी?"

"खेळ हाय ओ. रिकामीच पळवा."

"स्टँडातले लोक काय म्हणतेल? थांब जरा. यायलेत लोक."

कुठले यायलेत! विजयश्रीने अमरनाथला कळवलं, तर म्हणे, "अक्का, पुढच्या अपडेटला सगळं येतंय." आणि स्वतः डोंगर, बोगदे रचत बसलाय. मी रोज आतल्या आत चडफडतो. उद्धवराव रोज बसतात, वाट बघतात, उजवा हात गोधडीवर तसाच पडून असतो.

आज मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी फोन मांडीवर टेकवला आणि जुनी खणखणीत हाळी दिली, "चला, उदगीर उदगीर! या मावशी, जागा हाय!"

त्या हाळीसरशी त्यांचा उजवा हात गोधडीवरून उठला. हळूहळू छातीपर्यंत, बोलावत. विजयश्रीने दारातून तो हात पाहिला. उद्धवरावांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ते माझ्याकडेच बघत होते.

"कामून गं कुणी येईना?"

अमरनाथ, डोंगर राहू दे, बोगदे राहू दे. हात अजून वर आहे रे. एक तरी माणूस पाठव.