निरोप सकाळी, स्वागत संध्याकाळी

ज्या ओट्यापाशी उभं राहून ताईंनी इतकी वर्षं घराघरांतल्या लोकांना स्वयंपाक शिकवला, तो ओटा लाकडी होता आणि त्याच्या नळाला पाणी नव्हतं. तरी ‘आमच्या स्वयंपाकघरात’ म्हणताना ताईंची जीभ कधी अडखळली नाही. आज टीव्हीवरच्या या कार्यक्रमाचा शेवटचा भाग होता. ताईंची एकच इच्छा होती, निरोप मनापासून घ्यायचा. पाठ केलेलं काही बोलायचं नाही.

पण शूटिंगला सरळ चालणं कुठलं ठाऊक? निरोपाला चॅनेलचे मोठे साहेब शेजारी हवेत आणि साहेबांना दुपारचं विमान गाठायचं, म्हणून दिग्दर्शकाने सकाळी आल्या आल्या निरोपच उरकायला घेतला. टोमॅटो अजून धुतलेसुद्धा नव्हते. ताईंनी बाहेरून आणलेलं सूप चाखलं, छान म्हणाल्या आणि हसत हसत सगळ्या प्रेक्षकांचा निरोप घेतला. डोळ्यांत टिपूस नाही. दिवसभराचं काम पुढ्यात असताना रडू येणार तरी कसं? साहेबांनी फुलं दिली, मेकअपवाली गळ्यात पडून मनसोक्त रडली आणि मग ताईंची बट नीट करून त्यांना टोमॅटोपाशी उभं करून गेली.

मग चिरणं, उकळणं, गाळणं. निरोप होऊन गेलेला, त्यामुळे ज्याचं काम संपेल तो ‘येतो ताई’ म्हणून सटकत होता. ताई हात हलवत होत्या. आपण निघालोय की अजून यायचोय, हेच त्यांना कळेनासं झालं. डोक्याचा नुसता गोंधळ. संध्याकाळपर्यंत सुतारांनी, सकाळी जिच्यापुढे निरोप घेतला ती उजवीकडची खिडकी आणि फळ्या उतरवून नेल्या. उरला डावीकडचा अर्धा ओटा आणि स्वागताची दोन वाक्यं.

“हसा ताई. आत्ता कुठे सुरू होतंय,” दिग्दर्शक म्हणाला.

“नमस्कार. या, आमच्या स्वयंपाकघरात…”

एवढ्यातच ताईंना रडू फुटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. डोळे पुसून घेतलं तरी तेच.

“निरोप परत घेऊ या का रे? आत्ता जमेल मला.”

“कुठे घेणार ताई? निरोपाची खिडकीच गेली.” दिग्दर्शकाने नजर चुकवली. “राहू दे असंच. लोक घेतील समजून.”

लोक कसले समजून घेतात! रविवारी भाग लागला आणि तो संपतो न संपतो तोच ताईंच्या थोरल्या नणंदेचा फोन आला.

“काय गं, ‘या’ म्हणताना रडतेस आणि जाताना दात काढतेस? एवढा वीट आला होता आम्हा बघणाऱ्यांचा?”

“अहो वन्सं, तो निरोप सकाळचा. तेव्हा काहीच संपलं नव्हतं, म्हणून हसले.”

“बरं. मग संपलं कधी?”

ताईंनी खरंच आठवून बघितलं. साहेबांची फुलं आठवली, हात हलवणं आठवलं, अर्धा ओटा आठवला. कुठेच बोट ठेवता येईना.

“वन्सं, मला नाही हो माहीत,” त्या म्हणाल्या. “सगळे गेले. माझं मात्र निघायचं राहूनच गेलं.”